अडुळशाचं पान आणि बरणी

ठाण्यापासून कल्याणपर्यंत वाड्या गेल्या, विहिरी बुजल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले. औषधी झाडं मात्र माणसांनी सोडली नाहीत. ती खिडकीच्या ग्रिलमध्ये आली. तुळस, गवती चहा, पानओवा, कोरफड, आणि खाली सोसायटीच्या कुंपणाला अडुळसा. डोंबिवलीत रुग्ण पाहताना मला हे रोज ऐकायला मिळतं. हरवतंय ते वेगळंच. पान कधी तोडायचं, रस कसा काढायचा, तो टिकवायचा कसा, हे सांगणारं माणूस घरात उरलेलं नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांचं ‘आर्यभिषक्’ हे आयुर्वेदाचं पुस्तक फडताळात असलं, तरी उघडलं जात नाही.

अडुळशाचंच घ्या. खोकला झाला की लोक पानं पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवतात आणि गाळून पितात. हे पान कच्चं कुटलं तर सहजी रस सोडत नाही, त्यामुळे हाती येतं ते बहुतेक पाणीच. म्हणून जुन्या वैद्यांनी पुटपाक सांगितला. वाटलेल्या पानांचा गोळा मोठ्या पानांत गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा आणि माती लाल होईतो निखाऱ्यात भाजायचा. फ्लॅटमध्ये निखारे कुठले? मोदकपात्र चालतं. जून, गडद पानं धुऊन, पुसून दहा मिनिटं वाफवायची. पान मऊ पडतं, काळपट होतं, उग्र वास स्वयंपाकघरभर पसरतो. गरम असतानाच कुटून फडक्यातून पिळलं की हिरवट-तपकिरी, कडूजहर रस निघतो. तो त्याच दिवशी संपवावा.

टिकवायचा असेल तर अवलेह, म्हणजे चाटण, करावा. रसात खडीसाखर घालून मंद आचेवर आटवायचं, तूप आणि पिंपळीची पूड घालायची, मध मात्र पूर्ण गार झाल्यावरच. पाक झाला का, याची ग्रंथातली परीक्षा आजही चोख आहे. थेंब पाण्यात टाकला तर न पसरता तळाशी बसावा, आणि चिमटीत दाबल्यावर बोटांच्या रेषा त्यावर उमटाव्यात. पाक इतका दाट झाला की जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. कच्चा राहिला तर आंबतो.

याच पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध पुढे तयार झालं. त्यामुळे अडुळशाला हलकं लेखू नका आणि निरुपद्रवीही समजू नका. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. गरोदर बाईला तो द्यायचा नाही.

गुळवेलीबाबत मी याहून कडक आहे. करोनाकाळात घरोघरी तिचे काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तर आयुष मंत्रालयाने तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. जाणत्याने ओळखून दिल्याशिवाय वेल तोडू नये आणि महिनोन्‌महिने काढा पिऊ नये, एवढं तरी त्यातून घ्यावंच.

एमआयडीसीतल्या कारखान्यांलगत राहणाऱ्यांना आणखी एक सांगणं. २०१४ साली डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, २०२० मध्ये इथलाच एक रस्ता गुलाबी झाला. तिथल्या उघड्या कुंडीतलं पान मी औषधाला वापरू देत नाही.

पावसाळी दमटपणा ओसरला की पानं वाळवायला घ्या. वाळवणाला हीच वेळ. गवती चहा आणि तुळशीचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो, म्हणून ऊन नको. सावलीत, पंख्याखाली पातळ पसरा. चुरल्यावर कुरकुरीत मोडलं तरच पान काचेच्या बरणीत भरा. पूड मात्र लागेल तेवढीच करा. ‘शार्ङ्गधरसंहिते’ने चूर्णाला दोनच महिने दिले आहेत.

आणि कुंडीत हळद असेल तर तिला इतक्यात हात लावू नका. श्रावण-भाद्रपदात पानं पातोळ्यांना काढली असतील, तरी कंद पौष-माघात पानं पिवळी पडून लोळल्यावरच भरतो. तेव्हा उकरा, चकत्या करून मीठ आणि भरपूर लिंबाच्या रसात मुरवा. डोळे असलेली दोन-चार बोटं कोरड्या वाळूत सावलीला ठेवा, ज्येष्ठात पुन्हा लावायला.