आवक नोंद झाली, पण फाइल टेबलावर आली नाही

परवा संध्याकाळी पावणेसहाला एक काका ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे बाजारपेठेतला दहा बाय बाराचा गाळा. काकांनी गावच्या नळपाणी योजनेची बिलं माहिती अधिकारात मागितली होती. दोन अर्ज, एक अपील, तेव्हा कुठे एक पेनड्राइव्ह हातात पडला. "बघा साहेब काय दिलंय. माझ्याकडे कॉम्प्युटर नाय."

पेनड्राइव्ह लावला. काहीच नाही. ना खिडकी उघडली, ना आयकॉन आला.

काकांचा चेहरा उतरला. "रिकामाच दिला की काय?"

खरं सांगतो, माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता: 'माहिती अधिकारात दिला कोरा पेनड्राइव्ह'. पान साडेसातला सुटतं. मोह कुणाला होणार नाही?

पण शंका आली ती माझ्याच मशीनची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझ्या जुन्या मशीनवर ११ चालत नाही. म्हणून भाच्याने त्यावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकून दिला होता. त्याला फोन लावला. म्हणाला, "मामा, टर्मिनल उघडा आणि 'एलएसबीएलके' टाइप करा."

केलं. यादीत पेनड्राइव्ह होता! साइजसकट. फक्त शेवटचा, तो कुठे जोडलाय हे सांगणारा रकाना रिकामा.

आपल्या भाषेत सांगायचं तर आवक नोंदवहीत नोंद आहे, पण फाइल टेबलावर आलेली नाही.

मग भाच्याने साखळी समजावली. पेनड्राइव्ह लावला की कर्नल त्याला ओळखतो. 'यूडेव्ह' त्याची नोंद करतो. 'यूडिस्क्स' तो जोडून देतो, यालाच माउंट करणं म्हणतात. या माणसाला परवानगी आहे का, हे 'पॉलकिट' ठरवतो. 'जीव्हीएफएस' ही खबर फाइल मॅनेजरपर्यंत, म्हणजे 'थुनार'पर्यंत नेतो. आणि लावल्या लावल्या आपोआप उघडायचं काम 'थुनार-व्हॉलमन'चं. मधला एक जण गैरहजर असला तरी आपल्याला पडद्यावर काही दिसत नाही.

माझ्याकडे गैरहजर कोण? इन्स्टॉल करताना मशीन हलकं राहावं म्हणून भाच्याने 'शिफारस केलेली' पॅकेजेस वगळली होती. डेबियनमध्ये काही पॅकेजेस सक्तीची असतात, काही शिफारशीची. थुनारसाठी जीव्हीएफएस आणि व्हॉलमन शिफारशीत येतात. त्यांच्याशिवाय थुनार सुरू होतो, कुरकुर करत नाही. फक्त पेनड्राइव्ह दाखवत नाही. आणि गंमत म्हणजे डिलीट केलेल्या फाइलींची कचरापेटीही दिसत नाही. ती महिनाभर नव्हती, मला पत्ताच नाही!

भाच्याने आधी हाताने कमांड देऊन पेनड्राइव्ह जोडायला लावला, तोही फक्त वाचण्यापुरता. "कागद पुराव्याचा आहे मामा, त्यावर काही लिहिलं जायला नको." पोराचं शहाणपण बघा. उघडला. आत शंभरावर पानं स्कॅन केलेली. काका खुर्चीत टेकून बसले आणि पाणी मागितलं.

नंतर मोबाईलच्या नेटवर राहिलेली पॅकेजेस टाकली, लॉगआउट करून परत आलो, सगळं सुरळीत. काढतानाही 'इजेक्ट' करूनच काढा बरं का. कॉपी झाली असं पडद्यावर दिसलं तरी डेटा कधी कधी मेमरीतच थांबलेला असतो. ओढून काढलात तर फाइल अर्धवट.

आता मुद्द्याचं. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम २ वाचा. माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवायचा हक्क त्यात आहे. पण हक्क आणि नागरिकाचे डोळे यांच्या मधेही अशीच साखळी आहे. चालणारं मशीन, उघडणारी फाइल, समजावून सांगणारं माणूस. यातलं काहीच 'सक्तीचं' नाही, सगळं शिफारशीतलं. काटकसर करताना पहिली कात्री तिथेच लागते. आणि मग गावातला माणूस म्हणतो, रिकामाच दिला.

त्या दिवशी आमच्या पानावर ती बातमी आली नाही. आली असती तर ती खोटी ठरली असती, आणि काकांच्या पुढच्या अर्जाला कोणी किंमत दिली नसती. आता ती पानं वाचतोय. काय निघतंय ते सांगेनच.

तोवर एक करा. तुमच्या गावच्या ग्रंथालयात, शाळेत, सेवा केंद्रात एकदा पेनड्राइव्ह लावून बघा. उघडतो का? कमेंटमध्ये कळवा.