सबवूफर आणि चार इंची भिंत

तर झालं असं, की आमचा एक मित्र गाशा गुंडाळून कायमचा परदेशी निघाला आणि जाताना त्याच्या होम थिएटरचे पाच स्पीकर आणि एक रिसीव्हर माझ्या गळ्यात मारून गेला. स्पीकर बघाल तर मुठीपेक्षा जरा मोठे, आत तीन इंची पडदा. सबवूफर त्याने आधीच कुणाला तरी देऊन टाकला होता. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही (आणि गृहमंत्र्यांची मंजुरी तर नाहीच नाही), म्हणून हे लटांबर जेऊरला अण्णांकडे न्यायचं ठरलं.

जेऊर म्हणजे नगरजवळचं नव्हे. आमचं जेऊर करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेवरचं. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हापासून फार समजावून सांगावं लागत नाही. नागराज मंजुळ्यांचं गाव म्हटलं की भागतं.

अण्णांकडे नेण्याला एक कारण होतं. त्यांचं वय आता शहात्तर. टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की बाहेरच्या ओट्यावर बसून बातम्या कळाव्यात. आणि तरी तक्रार एकच, "ऐकू येतंय रं, पण कळत नाय." हे वाक्य मी बरेच दिवस चेष्टेवारी नेत होतो, पण ते शब्दशः खरं असतं. वयानुसार कान जातात ते वरच्या पट्टीकडून. खालचे, जाड आवाज बरेच दिवस शाबूत राहतात. बोलण्याचा जोर असतो स्वरांमध्ये, ते खालच्या पट्टीत. अर्थ मात्र बराचसा स, श, त, क असल्या बारीक आणि उंच पट्टीच्या व्यंजनांत. म्हणजे आवाज पोचतो, शब्द नाही. त्यात आजकालच्या टीव्हीचे स्पीकर पाठीमागे नाहीतर खाली तोंड करून बसवलेले. पाचांतला मधला स्पीकर संवादांसाठीच असतो. तो समोर, अण्णांच्या तोंडासमोर ठेवला तर निम्मं काम होईल असा माझा हिशोब. कानाचं मशीन आहे, पण ते कपाटात असतं. असो, तो वेगळा विषय आहे.

मग सबवूफर कशाला? मलाही आधी वाटलं नकोच. पण तीन इंची पडदा साधारण दीडशे हर्ट्झच्या खाली हात टेकतो. गणित क्रूर आहे: आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, तर पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. एवढ्याशा पडद्याने ढकलून ढकलून किती ढकलावं! आणि पुरुषाच्या बोलण्याची मूळ पट्टी येते साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये. म्हणजे नुसत्या या स्पीकरांवर बातम्या लावल्या की निवेदक टेलिफोनवरून बोलल्यासारखा. जुन्या टेलिफोनमध्ये तीनशे हर्ट्झच्या खालचं काही जातच नसे. तरी आपण 'हॅलो'वर माणूस ओळखायचो, कारण न आलेला खर्ज मेंदू पदरचा भरतो. पण भजन, तबला, ढोलकी? डग्ग्याचा घुमारा मेंदूने कुठून भरायचा?

तर असं हे स्थळ शोधणं सुरू झालं. आणि इथे पत्रिका जुळवणं अगदी खरोखरीचं असतं बरं का. लोक काय करतात, जेवढा मोठा मिळेल तेवढा सबवूफर घेतात. बारा इंची धूड आणायचं आणि तीन इंची पोरांच्या शेजारी बसवायचं. धूड चाळीस हर्ट्झला भिंती हलवतं, पण १२० ते १५० च्या पट्ट्यात, जिथे लहान स्पीकर थकलेले असतात, तिथे अशा धुडांतली बरीच फुगलेली नाहीतर सुस्त असतात. जोडणीच्या जागी खड्डा नाहीतर उंचवटा. म्हणून पहिली अट, की माझा सबवूफर दीडशेपर्यंत स्वच्छ वाजला पाहिजे.

दुसरी भानगड अशी. सिनेमावाल्यांच्या टीएचएक्स मानकात स्पीकर आणि सबवूफर यांची वाटणी ८० हर्ट्झवर असते. त्याच्या खालचा आवाज कुठून येतो ते आपल्या कानाला नीटसं सांगता येत नाही, म्हणून सबवूफर सोफ्यामागे लपवला तरी चालतो. पण दीडशेवर वाटणी केली की चोरी पकडली जाते. निवेदकाचं तोंड समोर आणि छातीतला आवाज कोपऱ्यातल्या तांदळाच्या कोठीमागून! म्हणजे तो टीव्हीजवळच ठेवणं आलं.

पुण्यात तपकीर गल्लीत दोन शनिवार घालवले. (ज्यांनी तिथे कधी सोल्डरिंग गन घेतली असेल त्यांना हे वाचून हळवं व्हायला परवानगी आहे.) तिथून पुढे दोन-तीन मोठी दुकानंही पालथी घातली. एका दुकानात पोराने गाड्यांच्या पाठलागाचा सिनेमा लावून माझी बरगडी हलवून दाखवली. मी म्हटलं, नुसता माणूस बोलताना ऐकव. तो माझ्याकडे 'हे काका चुकून आत आले' अशा नजरेने बघायला लागला. पण कसोटी तीच. बोलताना माणूस पिंपात बसल्यासारखा वाटला तर तो सबवूफर नको. अण्णांच्या बाबतीत तर मुळीच नको, कारण खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. त्यांच्या वाट्याला जे चार स-श उरलेत, तेही हा घुमारा खाऊन टाकणार.

भोकवाला खोका की बंद खोका, यावर बराच खल झाला. भोकवाला कमी ताकदीत जास्त धुमधडाका करतो, पण एका मर्यादेखाली धाडकन कोसळतो. बंद खोका कमी गाजतो आणि सावकाश उतरतो. शेवटी बंद खोक्याचा, दहा इंची घेतला. भोकवाल्यांतही चांगले असतात, याद्या घेऊन भांडायला येऊ नका :-) पण माझं पारडं झुकलं ते ध्वनिशास्त्रामुळे नव्हे. भिंतीमुळे झुकलं.

आमचं घर जुनं, माळवदाचं. बाहेरच्या भिंती दोन-दोन हात जाड, पांढऱ्या मातीच्या. पण वाटणी झाली तेव्हा मधल्या सोप्यातून विटांची एक चार इंची भिंत उभी राहिली. अलीकडे आम्ही, पलीकडे तात्या. अण्णा आणि तात्या सख्खे भाऊ. वैर नाही, पण बोलणं लग्नकार्यापुरतं. कोण चुकलं वगैरे इथे लिहिणार नाही, दोन्हीकडची पोरं हे वाचतात. तर त्या भिंतीच्या पलीकडे काकूंची खाट आहे. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, दिवसाचा बराच वेळ त्या पडूनच असतात. तात्या खोकले तर आमच्याकडे ऐकू येतं. आणि भिंतीचा नियम असा, की आवाजाची पट्टी जेवढी खाली तेवढी ती भिंतीला कमी जुमानते. पट्टी निम्मी झाली की भिंतीचा अटकाव सहाएक डेसिबलने घटतो. संवाद अलीकडे अडतील, धुम्म मात्र थेट खाटेपर्यंत जाणार.

सोपा पंधरा फूट लांब, दहा रुंद, आणि उंचीही दहाच. रुंदी-उंची सारखी असणं हे आवाजाच्या दृष्टीने वाईट. दहा फुटांत ५६ हर्ट्झ नेमका अडकून घुमतो, आणि इथे दोन दिशांनी तोच घुमणार. लांबीचा घुमारा ३७-३८ च्या आसपास. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर हे सगळे एकदम जागे होतात. त्यावर एक गावठी वाटेल असा पण खरा उपाय आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण रांगत रांगत खोलीभर फिरायचं. जिथे खर्ज सारखा, न फुगलेला ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. त्याप्रमाणे अण्णांच्या आरामखुर्चीत सबवूफर बसला आणि मी जमिनीवर. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "काय हरवलंय रं?" आई म्हणाली, "अक्कल." मुलगा मोबाइलवर शूटिंग करत होता. नातेवाइकांच्या ग्रुपवर ते आलेलं आहेच.

जागा मिळाली टीव्हीच्या डावीकडे, वाटणीच्या भिंतीपासून सगळ्यात लांब. चालू केल्यावर एक भुणभुण येत होती. ती पन्नास हर्ट्झची, म्हणजे आपल्या विजेचीच. छोट्या स्पीकरांना ती ऐकवता येत नाही, सबवूफर मात्र आवडीने गातो. छत्रीची वायर काढली की थांबायची. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठपाणी घालून आणि सगळं एकाच बोर्डावर आणून ती गेली. मागचं फेजचं बटण दोन्हीकडे करून बघितलं. ज्या बाजूला निवेदकाचा आवाज भरला ती बाजू ठेवली. आणि मग राहिलं मुख्य काम.

पलीकडे गेलो. काकूंच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसलो. त्या खोलीत मी किती वर्षांनी बसलो होतो ते मोजलं नाही. अलीकडे मुलाला सांगून ठेवलं होतं, ढोलकीची लावणी लाव आणि सबवूफरची कळ हळूहळू वाढव. गंमत बघा, भिंतीतून खर्जाचा घुमारा तेवढा आला, बारीक बोल एकही आला नाही. काकू डोळे मिटून म्हणाल्या, "ढोलकी हाय व्हय?" मी म्हटलं, हो. थोडं वाढल्यावर म्हणाल्या, "आता गिरणीवानी वाटायलंय. छातीत होतंय." मी फोन करून मुलाला सांगितलं, एक रेघ मागे घे. "अजून?" "अजून एक." तात्या दारात येऊन उभे होते. म्हणाले, "अण्णाला नीट ऐकायला येतं का आता?" म्हटलं, बातम्या कळतात. "मग बरंय."

त्या रात्री अण्णांनी स्वतः 'सैराट' लावायला सांगितला. आधी चारदा पाहिलेला. गाण्यांमागचा तो वाद्यवृंद अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता, हे मी त्यांना सांगत होतो; त्यांचं लक्ष ओळखीच्या जागा शोधण्यात. झिंगाटला सबवूफर आपल्या हिश्श्याचं बोलला, पण दबक्यात. आणि शेवट आला, जिथे आवाजच काढून घेतलाय. घरात इतकं शांत झालं की पलीकडे काकू कूस बदलल्याचं ऐकू आलं. अण्णांनी रिमोट हातात घेतला, पण चॅनल बदललं नाही.

कळीवर काकूंच्या रेघेला आईने नेलपेंटचा ठिपका लावून ठेवलाय. ठिपक्याच्या पुढे कळ न्यायची नाही असं घरात सगळ्यांना सांगितलंय. मुलाला दोनदा.