घरांतील आगगाडी

आमच्या शिरपुरास अद्याप आगगाडीचें स्टेशन नाहीं. गाडी गांठावयाची तर नरडाण्यास जावें लागतें. म्हणूनच घरांतील मुलांस छोट्या आगगाडीचा छंद लागला, तेव्हां आम्हांस संतोषच वाटला. ‘पैशाचा व वेळाचा अपव्यय’ म्हणणाऱ्या वडील मंडळींनीं पुण्यास भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं उघडलेलें लघुरेल्वे-संग्रहालय एकवार अवश्य पाहावें.

आरंभ मात्र अल्पच असावा: एक इंजिन, दोन डबे व रुळांचें एक लंबवर्तुळ. बोगदे व स्टेशनें घरींच पुठ्ठ्याचीं करावीं. रूढ प्रमाण १:८७. त्यानें युरोपांतील १४३५ मिलिमीटर रुंदीचा मार्ग १६.५ मिलिमीटरांचा होतो. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. तो किती होईल, हें मुलांकडून काढवावें. सुमारें सवाएकोणीस उत्तर येतांच त्रैराशिकाची गोडी लागते. रुळांतून खेळणारी वीज अवघी १२ व्होल्टांची. प्रवाहाची दिशा पालटली कीं इंजिन उलट धांवतें, हा पदार्थविज्ञानाचा धडा निराळाच.

शिवाय गाडी एक व भावंडें चार! आपली पाळी येईपर्यंत थांबणें व आलेली पाळी वेळींच सोडणें, एकत्र कुटुंबास याहून उपयुक्त विद्या कोणती?