सारजा

माथेरानच्या घोड्याच्या वाट्याला कायम दोन माणसं. एक पाठीवर, एक लगामापाशी. पाठीवरचं गिऱ्हाईक तासातासाला बदलतं; लगाम धरून लाल धुळीतून पायी चालणारा मात्र तोच असतो. आमच्या सारजापुढे अण्णा चालत. १९०७ साली इथे आगगाडी आली, पण मोटारी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून पुढे घोडे. आमच्यासारख्या कित्येक घरांची चूल त्यांच्यावरच पेटत आली.

सारजाला अण्णांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथून. दात बघून वय पाचेक वर्षांचं निघालं. अंगावरचे भोवरे जाणत्या माणसांनी तपासले. रंगाने तांबडी, पुढचा डावा पाय गुडघ्याखाली पांढरा. दारात आल्यावर आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "सुनेकडे सासूने बघावं तशी बघते की ही!" आजीचा अंदाज खरा ठरला. तोबरा चढवला की सारजा आधी कोंडा फुंकून बाजूला सारी, तळाचा भिजलेला हरभरा वेचून खाई, आणि मग नाइलाज म्हणून कोंड्याकडे वळे. खरारा करताना हात जरा हलका पडला, तर मान वळवून बघत राही. बघण्यापलीकडे काही करत नसे; तेवढंच पुरे.

मे महिना आणि दिवाळी हे तिचे कष्टाचे दिवस. पॉइंटवर नेणं, आणणं, फोटोसाठी उभं राहणं. गिऱ्हाइकांना घोडा कसा हवा असतो? दिसायला तेजदार आणि वागायला गरीब. सारजा तशी राही. पण ती तशी होती असं मात्र मला कधी वाटलं नाही.

जून अर्धा सरला की माथेरान ओस पडे. हॉटेलं बंद, दुकानांवर ताडपत्र्या. पण घोडा नुसता बांधून ठेवला की त्याचे पाय भरतात, त्याला रोज हिंडवावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे होतं. पोरीला एकटीला रानात कशाला धाडता, असं शेजारी विचारत. अण्णा म्हणत, "एकटी कुठे? सारजा आहे ना."

आम्ही बहुतेक वेळा पॅनोरमा पॉइंटची वाट धरायचो. डोंगराच्या उत्तर टोकाला जाणारी, जांभूळ-हिरड्यांच्या दाट सावलीतली वाट. झाडी जिथे विरळ होते तिथे एका अंगाला दरी, खाली रेल्वेचे रूळ आणि त्याच्याही खाली नेरळ. सारजा नेमकी दरीच्या कडेने चाले. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. घरी आल्यावर अण्णांनी कारण सांगितलं: आतल्या बाजूने चाललं की रिकिबीतला पाय खडकाला घासतो, गिऱ्हाईक ओरडतं, ओझं हिसका घेतं. म्हणून ती वर्षानुवर्षं बाहेरूनच चालत आलेली. त्यांची सूचना एकच, "लगाम ओढू नको. तिला खाली बघू दे."

लगाम सैल सोडला की ती मान जमिनीपर्यंत झुकवी. पावसाने जांभा दगड गुळगुळीत झालेला असे. त्यावर नालाचं लोखंड सरकतं, मातीत मात्र धरतं. पुढचा खूर दगडावर टेकवून ती क्षणभर थबके, अंगाचा भार टाकायचा की नाही ते ठरवी. नाही ठरलं तर पाय उचलून हातभर बाजूच्या चिखलात ठेवी. खोगिरावर बसून मला हे सगळं मांड्यांखालून कळत असे. रस्त्यांवर ब्लॉक बसवायचा विषय निघाला तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला, तो घोड्याचा पाय घसरतो म्हणूनच. सारजावर बसलेल्या कुणाला ते वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. धुकं दाटलं की मला तिचे कानसुद्धा धड दिसत नसत. घोड्याला मंद उजेडात आपल्यापेक्षा बरंच दिसतं. तिची चाल तसूभरही बदलत नसे.

दरीला न भिणारी ही बया ताडपत्रीला भ्यायची. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे कपाळासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा सोडली तर त्याला चहूकडचं दिसतं, आणि कुठे जरासं हललं तरी आधी तेच टिपलं जातं. बाजारातून घरी येताना एखाद्या दुकानावरची निळी ताडपत्री वाऱ्याने फडकली की सारजा चौखूर उधळायच्या बेतात. मग मी उतरून तिच्या मानेवर हात ठेवून बोलत बोलत पायी चाले. म्हणजे शेवटी लगामापाशी माणूस आलाच.

म्हातारपणी चढ तिच्याने होईना. आम्ही तिला खाली नेरळला, मामांच्या शेतावर ठेवलं. गाडी म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं: दस्तुरीला उभी असते आणि जिच्यातून गिऱ्हाईक उतरतं ती वस्तू. पाठीमागून हॉर्न वाजवत येणारी गाडी तिच्या हिशेबात कधी बसलीच नाही. ट्रक आला की ती सरळ भातखाचरात उतरे आणि चिखलात उभी राहून त्याच्याकडे, आजी म्हणे तशी, बघे. मामांनी रस्त्याकडेचं कुंपण वाढवलं, तेव्हा कुठे भात वाचला.

तिथेच एकाने तिला वरातीसाठी मागितलं. घोडी देखणी, पैसे चांगले. अण्णा तेव्हा खाली आले होते. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "डीजे आहे का?" तो अभिमानाने हो म्हणाला. अण्णा म्हणाले, "मग नवरदेवाला पोहता येतं का, तेवढं विचारून घ्या. वाटेत खाचरं आहेत."