मोटारीच्या खोलीची भिंत



परवा हरभऱ्याला पाणी चालू होतं. एक पाव्हणा विहिरीवर आला आणि मोटारीच्या खोलीची भिंत बघून हसत सुटला. "शाळा काढली की काय?" भिंतीवर कोळशानं, गेरूनं वाक्यं लिहिलीत. म्हटलं, शाळाच आहे, फक्त फी आधी भरावी लागते. एकेक वाक्य एकेका चुकीनंतर चढलंय. चार इथं उतरवतो.

पहिलं आबांचं: "शेजाऱ्याचं बघून पेरलं, की त्याच्यासंगं दुबार पेरावं लागतं."

तीन वर्षांपूर्वी मृगात एक सर पडली. शेजारच्या रानात ट्रॅक्टर फिरला आणि माझ्या पोटात गोळा आला, आपण मागं राहिलो म्हणून. आबा ओट्यावरून म्हणाले, "अरे, हा पाऊस नाही, पावसाची शिंक आहे." ऐकतो कोण? एकरी ३० किलोनं तीन एकर सोयाबीन टाकलं. पुढं अठरा दिवस आभाळ कोरडं. उगवलं ते करपलं, बाकीचं मातीतच गेलं. कृषी विद्यापीठवाले सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आबांनी मिलिमीटर कधी मोजला नाही. ते कुदळीनं वीतभर उकरायचे, मूठभर माती दाबून बघायचे. दोघांचं म्हणणं एकच.

दुसरं जुनंच: "उधारीचं पोतं सव्वा हात रितं."

दुबारचं बियाणं उधार आणलं. हंगामाच्या शेवटी बिलात टॉनिकच्या दोन बाटल्या निघाल्या, ज्या मी मागितल्याच नव्हत्या. भांडायला तोंड नव्हतं, कारण उधारी. आता उधार असो की रोख, त्याच दिवशी पक्की पावती घेतो. पिशवी, टॅग आणि चिमूटभर बियाणं काढणीपर्यंत सांभाळतो. उगवण झाली नाही तर तक्रारीला हेच लागतं, नुसता राग कामाला येत नाही.

तिसरं: "आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी."

त्याच सोयाबीनवर पिवळे चट्टे दिसले. मी घाईघाईनं बुरशीनाशक मारलं. नंतर कृषी सहायक आले, पान उलटं करून बघितलं. म्हणाले, हा पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग. पांढरी माशी पसरवते, बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही. रोगट झाडं दिसताच उपटा, पिवळे चिकट सापळे लावा, माशीचा बंदोबस्त करा. पोरानं त्या म्हणीखाली खडूनं जोडलं: "आधी फोटो, मग फवारा." बाप शिकला नाही तरी पोरगा शिकला.

चौथं वाक्य माझं नाही, आबांचंही नाही. कारभारणीचं आहे.

मागच्या रब्बीत रात्री बाराची लाईट होती. दोनदा मोटार बंद पडली. तिसऱ्यांदा वैतागून चिखलातल्या ओल्या पायानं तसाच गेलो आणि स्टार्टरच्या पेटीला हात लावला. अर्थिंगची तार गंजून तुटली होती, पेटीतच करंट उतरलेला. झटक्यानं मागं फेकला गेलो ते पाइपांच्या ढिगावर. बराच वेळ अंधारात तसाच बसून होतो. हात आपला आहे की नाही, कळत नव्हतं.

घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं, "आज लाईटनं हात मिळवला." आबा हसले. ती हसली नाही. सकाळी न बोलता गेरू घेऊन विहिरीवर आली आणि भिंतीवर लिहून गेली: "मोटार जळाली तर भरून मिळते."

एवढंच. पुढचं लिहिलं नाही. पाव्हण्यानं परवा विचारलं, "पुढं काय?" मी काही बोललो नाही. त्याचं त्यालाच कळलं, हसायचा थांबला.

त्याच आठवड्यात नवी अर्थिंग करून घेतली. स्टार्टरपुढं लाकडी फळी टाकली. आता बूट घातल्याशिवाय आणि टेस्टर लावल्याशिवाय पेटीला हात नाही. रात्री एकटं जायचं नाही, शेजाऱ्याला हाक मारायची. पेरणीला त्याचं बघायचं नाही, पण पाण्याच्या पाळीला तोच लागतो.

रब्बीच्या रात्रपाळ्या सुरू झाल्यात. तुमच्या भिंतीवर काय लिहिलंय ते कळवा. आधी अर्थिंगची तार बघून या.