गुत्ता, पंचशील आणि मतदार यादी

रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस-भजी खायला निम्मं पुणे लोटतं. आम्ही गेलो शनिवारी रात्री, मजुरांना आठवड्याचे पैसे मिळतात तेव्हा, आतल्या गल्लीतल्या देशीच्या गुत्त्यात. दारू सोडा, हे सांगायला.

लातूर-नांदेडचे बिगारी, कलबुर्गीचे गवंडी, बिहारचे सेंट्रिंगवाले. सिंहगड रस्त्यावरचे टॉवर हीच माणसं उभी करतात. एका बाकावर तीन भाषा, मध्ये चण्याची एकच पुडी. ‘इथे जात उरत नाही,’ आमच्यातला एक साथी भारावून म्हणाला. तेवढ्यात एका पोराने आमच्या बॅगेवरचं अशोकचक्र बघितलं आणि अगदी हळू ‘जय भीम’ म्हटलं. हळू का रे? ‘मुकादम तिकडं बसलाय दादा. आमच्याच गावचा आहे.’

म्हणजे गाव सुटलं नव्हतंच. ते मुकादमाबरोबर पुण्याला आलं होतं.

आम्ही त्याला पाचवं शील सांगितलं, 1956 च्या नागपूरच्या 22 प्रतिज्ञा सांगितल्या. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी 1880 साली दारूच्या दुकानांना विरोध केला होता, तेही सांगितलं. (समाजशास्त्रात एमए केलं की माणूस फार सांगतो.) त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘खोलीत आम्ही सात जण. तुमचं विहार आठला बंद होतं. बसायचं कुठं?’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. विहाराची किल्ली आमच्याच खिशात होती.

आपण कार्यकर्ते लगेच ‘आडवी बाटली’ म्हणतो. 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग मतदान, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त महिलांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. कायदा चांगला आहे. पण ज्यांचा नवरा मजुरीतले अर्धे पैसे इथे ठेवून जातो, त्या पत्र्याच्या खोल्यांतल्या बायकांची नावं गावाकडच्या यादीत आहेत. 2021 मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत आलं, या बायका मात्र इथल्या कुठल्याच यादीत आल्या नाहीत. नुकसान त्यांचं, मत दुसऱ्याचं. बिहार-कर्नाटकच्या बायकांना तर ही बाटलीची निवडणूक माहीतही नाही.

आता विहार रात्री साडेदहापर्यंत उघडं असतं. कॅरम आहे, दोन वर्तमानपत्रं येतात. शनिवारी आम्ही तिथेच मतदार यादीतला पत्ता बदलण्याचे नमुना 8 भरून घेतो. परवा एका ताईंनी अंगठा उमटवण्याआधी विचारलं, ‘इथं नाव लागलं तर गावचं कटंल ना? मग घरकुलाच्या यादीचं काय?’

त्यांचा अर्ज अजून कोराच आहे.