लिव्हिंग सर्टिफिकेट

सांगलीच्या बसस्थानकाबाहेर रिक्षात बसून "विलिंग्डन" म्हटले, की रिक्षावाला बहुधा मान वळवून विचारतो, "वेलिंग्टनला व्हय सर?" पूर्वी आम्ही त्याला दुरुस्त करीत असू. विश्रामबागेत राहणाऱ्या आणि पोटासाठी मराठी शिकवणाऱ्या माणसाचे ते कर्तव्यच आहे, अशी आमची समजूत होती. लॉर्ड विलिंग्डन हे १९१३ ते १९१८ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली जे महाविद्यालय काढले त्याला त्यांचे नाव मिळाले. वेलिंग्टन हा निराळाच गृहस्थ. आर्थर वेलस्ली या नावाने तो आधी आपल्याकडे येऊन गेला आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा त्याने पराभव केला. एक मात्रा आणि एक अक्षर इकडचे तिकडे झाले, की आपली मुले असईच्या विजेत्याच्या नावे चालणाऱ्या कॉलेजात शिकू लागतात! हे सारे आम्ही एका रिक्षावाल्याला पुष्पराज चौकापासून सांगत आलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले, रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "पर सर, पोचलासा न्हवं जाग्यावर?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. सांगलीत वेलिंग्टन नावाचे दुसरे कॉलेज नाही, म्हणून विलिंग्डनचा वेलिंग्टन झाल्याने कोणी चुकत नाही. पण सारख्या उच्चाराचे दोन इंग्रजी शब्द शेजारी उभे असतील आणि दोघांचीही घरे खरोखरच असतील, तर माणूस भलत्याच दारी जाऊन उभा राहतो. आमचे वडील असे जाऊन उभे राहिले होते.

अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणून काढून २००४ च्या मे महिन्यात वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतन सुरू झाले आणि नोव्हेंबर उजाडला. निवृत्त माणसाने नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे कळवायचे असते, हे त्यांनी ऐकले होते. पण ते कसे कळवायचे, हे विचारायला ते बँकेत गेले. खिडकीपलीकडच्या तरुणाने वर न पाहता सांगितले, "काका, लिव्हिंग सर्टिफिकेट लागेल."

आता 'लिव्हिंग सर्टिफिकेट' हा शब्द अप्पांना कोणी समजावून सांगण्याची गरजच नव्हती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हजारो मुलांची लिव्हिंग सर्टिफिकेटे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. शाळा सोडल्याचा दाखला! महाराष्ट्रात ज्याने कधी शाळा सोडली आहे, त्या प्रत्येकाला हा कागद याच नावाने ठाऊक आहे. बँकेला आपला दाखला का हवा, असे त्यांच्या मनात आले असणार. पण सरकारी कामात 'का' विचारायचे नसते, हेही ते छत्तीस वर्षांत शिकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते तासगाव तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी गेले. तिथल्या शाळेतून त्यांनी सातवी पास होऊन १९६० च्या मे महिन्यात नाव काढले होते. मुख्याध्यापक बैठकीला गेलेले, म्हणून परवा पुन्हा हेलपाटा. जुने जनरल रजिस्टर सापडायला आणखी तीन दिवस लागले. त्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर 'जिल्हा दक्षिण सातारा' असे लिहिलेले होते. आमच्या जिल्ह्याला 'सांगली' हे नाव मिळाले तेच मुळी २१ नोव्हेंबर १९६० रोजी, म्हणजे अप्पांनी शाळा सोडल्यानंतर सहा महिन्यांनी. दुय्यम प्रत तयार झाली. 'वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पुढील शिक्षणासाठी.' अप्पा तो कागद प्लास्टिकमध्ये घालून घरी घेऊन आले आणि आईला वाचून दाखवताना हसले होते, हे आम्हांला स्वच्छ आठवते.

बँकेत कोणी हसले की नाही ते अप्पांनी कधी सांगितले नाही. त्या दिवशी खिडकीवर दुसराच माणूस होता. त्याने कागद बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला, "ठीक आहे" म्हणाला, आणि डिसेंबरचे निवृत्तिवेतन जमा झाले नाही. जानेवारीचेही नाही. आम्ही तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवीत होतो, म्हणजे मानधन वर्षाच्या शेवटी कधीतरी मिळे. बहिणीच्या डी.एड.च्या फीचा दुसरा हप्ता त्याच महिन्यात भरायचा होता. तो अप्पांनी आपल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून उसने घेऊन भरला. ज्या माणसाने आयुष्यात सोसायटीखेरीज कोणाकडून पैसे घेतले नव्हते, त्याला हे किती जड गेले असेल, ते आम्ही तेव्हा पुरते ओळखले नाही. फेब्रुवारीत उलगडा झाला. बँकेला हवा होता तो हयातीचा दाखला. खिडकीतल्या तरुणाने इंग्रजीतला 'जगणे' घेतला होता आणि अप्पांनी इंग्रजीतला 'सोडणे'. दोघांच्या तोंडी शब्द मात्र एकच: लिव्हिंग.

अप्पांनी दोष स्वतःला लावून घेतला. "माझंच इंग्रजी कच्चं," एवढेच ते म्हणाले. आम्हांलाही तेव्हा तसेच वाटले होते. पुढे व्याकरण शिकवता शिकवता कधीतरी ध्यानात आले, की चूक कच्च्या इंग्रजीची नव्हतीच. पक्क्या मराठीची होती!

आपल्या भाषेत इकार-उकारांची एक खोड आहे. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असले, की त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ होतो. आणि प्रत्यय लागून शब्द लांबला, की तोच ऱ्हस्व होतो. गरीब पण गरिबी, वकील पण वकिली. कृष्णेवर आहे तो आयर्विन पूल, पण आपण जातो ते आयर्विन पुलावरून. १९६२ साली शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत हे नोंदलेले आहे, पण नियम लिहिणाऱ्यांनी ते निर्माण केले नाही. जिभेत होते तेच कागदावर आले. आता या जिभेला इंग्रजीतले 'सोडणे' द्या. एकटे असताना ती ते 'लीव्ह' असे नीट दीर्घ म्हणेल. हक्काची रजा मागताना कोणी चुकत नाही. पण त्याला 'इंग' लागले, की गरीबचे गरिबी व्हावे तसे लीव्हचे लिव्हिंग होणारच. आणि इंग्रजीतले 'जगणे' तर आधीपासूनच 'लिव्हिंग' आहे. इंग्रजी कानाला या दोन स्वरांत केवळ लांबीचा नव्हे, जातीचाच फरक ऐकू येतो. आपला कान लांबी तेवढी मोजतो, आणि तीही शब्दातली जागा पाहून. अप्पांनी आणि त्या तरुणाने, दोघांनीही मराठीचा नियम निष्ठेने पाळला होता.

इंग्रजीच्या आमच्या एका प्राध्यापक मित्रांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच उच्चार पहिलीपासून शिकवले पाहिजेत." मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली. आमच्या पिढीला ते पाचवीत भेटले. उच्चार शिकवावेत, याबद्दल वाद नाही. पण त्याने अर्धेच काम होईल. 'प्रिन्सिपल'चे काय करणार? प्राचार्य तो एक, आणि तत्त्व ते दुसरे. इंग्रजीत दोघांची स्पेलिंगे वेगळी, पण उच्चार खुद्द लंडनमध्येही एकच. 'स्टेशनरी' तशीच. एका स्पेलिंगाने कागद-पेन, दुसऱ्याने स्थिर. (ही दोघे मुळात भावंडेच. फिरत्या विक्रेत्यांच्या काळात ज्याचे दुकान एका जागी स्थिर असे, तो पुस्तके-कागद विकणारा 'स्टेशनर'. आपल्याकडे बाजारपेठेत स्टेशनरीच्या दुकानात कटलरीही मिळते, आणि कटलरी म्हणजे सुऱ्या-काटे नव्हेत. टिकल्या, पिना आणि बांगड्या! शब्द परक्या गावी आला, की पडेल ते काम करतो.) अशा जोड्यांत कान कितीही तयार असला तरी उपयोग नाही. तिथे अर्थच ठाऊक असावा लागतो.

आणि अर्थ कसे शिकवले जातात, ते पाहावे. विश्रामबागेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका पुष्कळ. तिथे बसणारी जत तालुक्यातली एक विद्यार्थिनी एकदा मार्गदर्शक पुस्तकाचे एक पान घेऊन आमच्याकडे आली. सारख्या उच्चारांचे इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि समानार्थी शब्द, अशी ती यादी. अर्थही इंग्रजीत, समानार्थी शब्दही इंग्रजीत. म्हणजे एक अनोळखी माणूस ओळखावा म्हणून त्याचे चार अनोळखी भाऊ आणून उभे केलेले. ती ते पान पाठ करीत होती आणि परीक्षेत पुन्हा चुकत होती. "सर, तुम्ही मराठीचे, तुम्हांला विचारू की नको असं झालं," असे म्हणाली.

आम्ही वहीत मराठी शब्द लिहू लागलो. कॉम्प्लिमेंट: एक प्रशंसा, दुसरे पूरक. अडॉप्ट म्हणजे दत्तक घेणे, अडॅप्ट म्हणजे जुळवून घेणे. एलिजिबल म्हणजे पात्र आणि इलेजिबल म्हणजे वाचता न येणारे. हा शेवटचा शेरा आपल्या अर्जावर पाहून पेढे वाटायला निघालेला एक मुलगा आम्हांला माहीत आहे. 'प्रिन्सिपल'पुढे प्राचार्य आणि तत्त्व लिहून झाल्यावर तिसरा अर्थ लिहिला, मुद्दल. ती एकदम म्हणाली, "हे माहितंय सर. सोसायटीचं व्याजच भरतोय आम्ही, मुद्दल तसंच आहे." बँकेच्या परीक्षेतला शब्द तिच्या घरी केव्हापासून नांदत होता, फक्त त्याचे इंग्रजी नाव तिला कोणी सांगितले नव्हते. इंग्रजीत एकमेकांवर आदळणारे शब्द मराठीत आले, की त्यांच्यात मुळी साम्यच उरत नाही. प्राचार्य आणि मुद्दल यांत कोण घोटाळा करील? जुन्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर इंग्रजी शिकल्या, त्या मराठीच्या काठाकाठाने. ती पद्धत कंटाळवाणी होती हे खरे, पण ती काठ सोडत नसे.

आता आम्ही मराठीचे, म्हणून मराठीची बाजू घेतो, असे कोणी म्हणेल. तर आमच्या घरातले भांडेही दाखवून टाकतो. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, ही यादी आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचतो, तेव्हा दोन्ही शब्द सारखेच उच्चारतो. मुले गालात हसतात. तेव्हा समोच्चारांचा उपद्रव आम्हांलाही चुकलेला नाही.

समानार्थी शब्दांबद्दलही एक सांगायला हवे, कारण याद्यांत ते एकमेकांच्या जागी सहज बसवलेले असतात. 'हयात' आणि 'जिवंत' यांचा अर्थ एकच. तरी बाजारातला मासा जिवंत असतो, हयात नसतो. हयात असतात ती माणसे, आणि तीही जरा वयाने पिकलेली. त्या तरुणाने "जिवंत असल्याचा दाखला आणा" असे म्हटले असते, तर अप्पांना राग आला असता, पण एसटी पकडावी लागली नसती. आणि गंमत अशी, की 'हयात' आणि 'दाखला' हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. 'हयातीचा दाखला' यात अस्सल मराठी ते प्रत्यय तेवढे. भाषाशुद्धीच्या भरात कोणी हे शब्द काढून टाकले असते, तर अप्पांचे काहीच भले झाले नसते. परका शब्द आला याचे आम्हांला दुःख नाही. जतच्या शेतकऱ्याला जो शब्द ऐकताक्षणी कळतो तो आमचा, मग तो कुठूनही येवो. 'लिव्हिंग सर्टिफिकेट' घरोघरी पोचले, पण कळण्याची ही अट मात्र त्याने अजून पुरी केलेली नाही.

अप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आले आणि हयातीची नोंद अंगठ्याच्या ठशावर होऊ लागली. आता तर मोबाइलसमोर चेहरा धरूनही होते. आम्ही ते घरीच करून देऊ, असे दरवर्षी म्हणतो. पण त्यांना बँकेतच जायचे असते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही त्यांना सोबत घेऊन गेलो. खिडकीवर नव्याने लागलेली मुलगी होती, बोलण्यावरून इकडचीच. तिने आदबीने विचारले, "आजोबा, काय काम होतं?"

"हयातीचा दाखला द्यायचाय," अप्पा म्हणाले.

तिला कळले नाही. तिने पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा तेच सांगितले, जरा सावकाश, वर्गात सांगावे तसे. मग तिने आमच्याकडे पाहिले. मागे रांग होती. आमच्या तोंडून पटकन निघून गेले, "लाइफ सर्टिफिकेट."

"अहो, मग असं सांगायचं ना आजोबा!" ती हसून म्हणाली आणि तिने फॉर्म पुढे सरकवला. अप्पांनी आमच्याकडे पाहिले नाही. त्यांनी खिशातले पेन काढले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि फॉर्मवर आपले पूर्ण नाव बाळबोध लिपीत लिहिले, एकेक वेलांटी तपासत.